जावयाच्या दुकानाबाहेरचा चष्मा

या पृथ्वीतलावर दुसऱ्याकडून काही घ्यायची वेळ आलीच, तर माझे सासरे फक्त हवा घेतील, आणि मुलीच्या घरात असतील तर तीही बेतानंच. असा माणूस पुन्हा होणे नाही, आणि झालाच तर देवानं त्याला मुली देऊ नयेत, कारण त्या मुलींच्या नवऱ्यांचे फार हाल होतात. मी त्यातला धाकटा. मुलीच्या सासरी पाणी प्यायचं नाही ही रीत आपल्याकडं जुनी आहे. बाकीचे बाप ती वर्ष-दोन वर्षं पाळतात आणि नातवंडाचे पेढे खाताना तोंडातल्या तोंडात सोडून देतात. माझ्या सासऱ्यांची थोरली नात आता कॉलेजात जाते. रीत मात्र अजून घडी न मोडलेली आहे. आमच्याकडं येताना ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येतात. भर मे महिन्यात, आमच्या फ्रिजकडं पाठ करून, ते कोमट पाणी असे पितात की बघणाऱ्यालाच तहान लागावी. खुर्चीवर बसा म्हटलं तर कंपाउंडच्या कठड्यावर बसतात. कठडा सोसायटीचा, म्हणजे तो जावयाचा नाही, असा त्यामागचा विचार. एकदा आमच्या झाडाचा पेरू वाऱ्यानं कठड्यापलीकडं रस्त्यावर पडला, तेव्हा तो उचलून, धोतराला पुसून, त्यांनी अगदी चवीनं खाल्ला. "आत पडला असता तर हात लावला नसता," म्हणाले. रस्त्यावर पडलेल्या पेरूवर महापालिकेची मालकी असते हे मला त्या दिवशी कळलं.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं असा माझा संशय आहे. जन्मभर ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते. कालवा कुठून जातो, कुणाचं शेत कुठं संपतं, सरकारची हद्द कुठं लागते, हे सगळं त्यांनी इतकी वर्षं पेन्सिलीनं आखलं की आता प्रत्येक नात्यातही त्यांना ती रेघ दिसते. रेघेच्या अलीकडं ते राजे. द्यायला बसले की हाताला थांबा नाही. बिडकीनच्या बाजारातून आमच्यासाठी भरीत करायची वांगी आणतात, हुरड्याच्या दिवसांत हुरडा आणतात, आणि आम्ही त्यांच्या पिशवीत परत काही घातलं तर पिशवीच इथं ठेवून जातात. सासूबाई बिचाऱ्या जुन्या कपड्यांच्या नव्या पिशव्या शिवत असतात. "घेणाऱ्याची मान खाली जाते, जावईबापू. मला मान सरळ ठेवून जगायचंय," असं ते एकदा मला म्हणाले होते. या मानेचं पुढं काय झालं तेच सांगायचं आहे.

त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझ्या बायकोची ताई, गुलमंडीजवळ चष्म्याचं दुकान असलेल्या घरात दिली. माझे साडू अगदी सालस. बोलणं कमी, काम चोख, आणि सासऱ्यांना देवासारखं मानणारे. आणि तिथंच सगळं बिनसलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा ते रीतसर गिऱ्हाईक म्हणून दुकानात गेले. नंबर काढून झाला, फ्रेम पसंत पडली, आणि त्यांनी खिशात हात घातल्याबरोबर साडूंनी हात जोडले.

"मामा, तुमच्याकडून पैसे घेऊ का मी?"

"मग मी तुमच्याकडून चष्मा घेऊ का?" असं म्हणून सासरे फ्रेम काउंटरवर ठेवून जे उतरले, ते पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. बरं, दुसऱ्या दुकानात जावं, तर शहरातले सगळे चष्मेवाले काचा घ्यायला त्याच ठोक व्यापाऱ्यांकडं जातात. सकाळी चष्मा करायला टाकला की संध्याकाळपर्यंत साडूंच्या कानावर जाणार की तुमचे सासरे आमच्याकडं आले होते. तो जावयाचा अपमान, आणि जावयाचा अपमान करणंही रीतीत बसत नाही. अशा दोन रीतींच्या कात्रीत त्यांनी एकच चष्मा वर्षानुवर्षं काढला. एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, काचेवर चरे, आणि नंबर कधीचा मागं पडलेला. कुणी काही बोललं की म्हणायचे, "मला जेवढं बघायचंय तेवढं दिसतं."

अशा माणसाला एके दिवशी मोबाइलवर चष्म्याची जाहिरात दिसली. घरबसल्या चष्मा. तो विकणारा कोण ते माहीत नाही, त्याचं गाव माहीत नाही, त्याच्याशी सोयरीक नाही, तो हात जोडणार नाही, चहा मागवणार नाही. सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखा दुकानदार भेटला. लगेच मला फोन आला. मी चितेगावच्या कारखान्यातून थेट त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते आरशासमोर, डोळ्यांपुढं स्टीलची पट्टी आडवी धरून उभे होते. नंबर होता, पडेगावच्या सरकारी नेत्रशिबिरात त्यांनी तो गुपचूप काढून आणला होता. सरकारचं फुकट त्यांना चालतं, कारण सरकारची चाकरी केलेली आहे. अडलं होतं ते दोन बुबुळांमधल्या अंतरावर. तो मोबाइल म्हणत होता, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा, आम्ही मोजतो. हे ऐकून त्यांना राग आला होता.

"माझं तोंड त्यांना कशाला दाखवू? चष्मा मागवायलोय, का स्थळ बघायलोय?"

"मामा, नुसतं माप घेतात."

"माप मला घेता येत नाय व्हय? धरणाच्या भिंती कागदावर उतरवल्या या पट्टीनं. दोन डोळे लई जड आहेत का?"

आणि त्यांनी स्वतःचं माप स्वतः घेतलं. मी धरतो म्हटलं तर पट्टीही देईनात. आता दुकानात हे माप घेताना समोरच्याला लांब बघायला लावतात, हे मला पुढं ताईनं सांगितलं. जवळ बघितलं की बुबुळं नाकाकडं सरकतात. सासरे तर नाकासमोर धरलेल्या पट्टीवरचे आकडे वाचत होते. त्यामुळं माप आखडतं आलं, आणि पट्टी खोटं बोलत नाही हा त्यांचा सिद्धान्त असल्यानं तेच पाठवलं गेलं. वर त्यांनी प्रोग्रेसिव्ह काच निवडली, म्हणजे एकाच काचेत वर लांबचं, मधे मधलं आणि खाली वाचायचं. फ्रेम घेतली ती ऐसपैस. आकडे, काच, फ्रेम, सगळं त्यांचंच. चष्मा करणाऱ्यानं बिचाऱ्यानं सांगितलं तसंच करून दिलं.

पार्सल आलं त्या दिवशी मी हजर होतो. पार्सलवाल्यानं फाटकातूनच विचारलं, "चाचा, ओटीपी बोलो." सासऱ्यांनी आधी त्याला सावलीत घेतलं, गूळ-पाणी दिलं, तो पडेगावचाच निघाल्यावर शिबिर किती चांगलं झालं ते ऐकवलं, आणि मग आकडे सांगितले. जाताना तो म्हणाला, "चाचा, ऐसा पानी कोई नहीं पूछता." सासरे खूष झाले. त्याच खुषीत त्यांनी जुना चष्मा दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकला. सासूबाई म्हणाल्या, असू द्या, अडीअडचणीला लागेल. तर म्हणाले, "परतायची वाट ठेवली की माणूस परततो."

नवा चष्मा घालून ते पहिल्यांदा उभे राहिले आणि लगेच पुन्हा बसले. फरशी हलल्यासारखी वाटली म्हणे. पण हे त्यांनी त्या वेळी कबूल केलं नाही, "कंबर धरली," एवढंच सांगितलं. त्या आखडत्या मापामुळं आणि नाकावरून घसरणाऱ्या ऐसपैस फ्रेममुळं काचेतली बघायची जागा भलतीकडं गेली होती. नीट दिसायला हनुवटी वर करून, मान जरा डावीकडं कलती करावी लागे. मान सरळ ठेवून जगायचं म्हणणारा माणूस आभाळाकडं बघत चालू लागला. पेपर वाचताना ते तो दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर धरत, आणि समोरच्याला फक्त लुंगी आणि बातम्या दिसत. कॉलनीत बभ्रा झाला की यांना कशाची तरी मगरुरी आली. रोज सकाळी रामराम घालणारे शेजारचे निवृत्त मास्तर बोलेनासे झाले, कारण सासरे त्यांच्या टकलावरून पलीकडं बघत. शहागंजच्या भाजीवाल्या बाईनं विचारलं, "काका, भाजी खाली है, ऊपर क्या देख रहे?" त्यांनी तिथल्या तिथं, तसंच वर बघत, हातानं चाचपून गवार निवडली आणि घरी आणली. ती गवार नव्हती. ती काय होती यावर सासूबाईंचं आणि त्यांचं अजून एकमत नाही.

चष्मा परत करता येतो, हे मी त्यांना सांगितलं. बायकोनं सांगितलं. मोबाइलवर तसा निरोपही आला होता की पसंत नसल्यास कळवा. सासऱ्यांनी उलट उत्तर धाडलं की अत्यंत समाधानी आहे. शिवाय बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपुढं ते आता ऑनलाइनचे प्रचारक झाले. मान वर करून, डोळे अर्धे मिटून ते सांगत, "दुकानात कशाला जायचं? तो चार फ्रेमा दाखवणार, आरसा धरणार, कोणती पण घातली की छान दिसते म्हणणार. इथं कुणी तोंडदेखलं बोलत नाय. मिजास नाय, मिनतवारी नाय." त्यांचा मुद्दा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझाही चष्मा मी तसाच मागवला असता, आणि माप नीट दिलं असतं तर तो उत्तमही आला असता. पण मी कुणाचा सासरा नाही.

गंमत इथवरच होती. पायऱ्या सुरू झाल्या तेव्हा ती संपली. एक दिवस घराच्या ओट्यावरून उतरताना शेवटची पायरी त्यांना वेगळ्याच जागी दिसली आणि ते हातावर पडले. मनगट सुजलं. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी स्टीलची पट्टी मागवून पायरीची उंची मोजली. ती होती तेवढीच होती. तरी म्हणाले, "गवंड्यानं तेव्हाच फसवलं असणार." त्यानंतर तिन्हीसांजेला स्कूटर काढणं त्यांनी बंद केलं, आणि कारण दिलं पेट्रोलचं. मला त्यांचा संताप आला. एवढ्याशा हट्टापायी हा माणूस कधीतरी रस्त्यात आडवा होईल, या भीतीनं सासूबाई ते बाहेर गेले की फाटकाशी येऊन उभ्या राहत, आणि ते आलेले दिसले की आत जाऊन काही झालं नाही असं दाखवत.

ताईच्या कानावर ते पडल्याचं गेलंच, पण त्याआधी दुसरं गेलं होतं. दुकानात एक गिऱ्हाईक फ्रेमा घालून बघत होतं. हल्ली असे पुष्कळ येतात. फ्रेम घालतात, फोटो काढतात, आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवतात. साडू त्याला समजावायला गेले, तर तो म्हणाला, "तुमचे सासरेच ऑनलाइनचा घालून फिरतात की, आणि सगळ्यांना सांगतात पण." साडूंनी फ्रेम पुसून जागेवर ठेवली. ताईला ते न बोलणंच लागलं. ती तडक माहेरी आली.

"अण्णा, माझ्या दुकानासमोरून लोक हसत जायलेत. तुम्हाला बरं वाटायलंय का?"

"तुझ्या सासरचं एक दमडीचं घेतलं नाय मी. इज्जत राखली तुझी."

"अशी राखतात व्हय? आंधळ्यासारखं पडून?"

"कोण पडलं? पायरी वाईट होती."

ती रडली नाही. बापाची लेक ती. एवढंच म्हणाली की, "मुलगी दिली तुम्ही, का तोडून टाकली, ते एकदा सांगा." आणि गेली. त्या दिवशी सासरे पेपर तसाच वर धरून पुष्कळ वेळ बसले होते. पान काही उलटलं नाही.

मग अधिक महिना आला. आमच्याकडं या महिन्यात जावयाला धोंडे-जेवणाला बोलावतात. पुरणाचे धोंडे, वर साजूक तूप, कपडे, चांदीची एखादी वस्तू. देण्याचा महिना, म्हणजे सासऱ्यांचा सण. दोघंही जावई पाटावर बसलो. ताई आणि माझी बायको वाढत होत्या. ताई येईल की नाही अशी धाकधूक होती. आली होती, पण बापाशी कामापुरतं बोलत होती. सासऱ्यांनी ताम्हणात दिवा ठेवून दरवेळी विचारतात तसं साडूंना विचारलं, "जावईबापू, संकोच करू नका. काय पाहिजे ते मागा." माझे साडू दरवेळी "तुमचा आशीर्वाद" म्हणतात. आम्ही सगळे तेच ऐकायच्या तयारीनं बसलो होतो.

साडूंनी हातातला घास खाली ठेवला. "मामा, तुमच्या नाकावरचा चष्मा द्या."

सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. सासऱ्यांनी हनुवटी वर करून त्यांच्याकडं बघितलं. धोंड्याच्या पाटावर बसलेल्या जावयाला नाही म्हणता येत नाही, ही रीत त्यांनी स्वतः आम्हाला शिकवलेली. बोलून बसले होते. "हा कशाला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"मागा म्हणालात. मागितला."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पंच्याच्या टोकानं पुसला, ताम्हणात ठेवला आणि ताम्हण पुढं सरकवलं. माझ्या त्या मुखदुर्बळ साडूंचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. सासरे मात्र हरलेले नव्हते. "काही हरकत नाय. आजच दुसरा मागवतो," असं म्हणून त्यांनी चाचपत मोबाइल उचलला आणि तो उलटा धरला.

"तो येईपर्यंत मी हात धरून फिरवणार नाही," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या त्यांच्यासमोर इतकं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

तेव्हा ताई पुढं आली. "दुकानात चला, अण्णा. हे काही देणार नाहीत तुम्हाला. डोळे मी तपासते, बिल मी करते."

"पैसे घेशील?"

"सगळे घेईन. तुमचीच मुलगी आहे, सोडीन व्हय?"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "सरकारी कर पण लाव. खामखा सूट नको," म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. दुकानाच्या मागं तपासायची छोटी खोली आहे. लग्नानंतर ताईनं या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि आता निम्म्या गिऱ्हाइकांचे नंबर तीच काढते. सासऱ्यांना वाटत होतं ती गल्ल्यावर बसते. खुर्चीत बसण्याआधी ते "छपाई कशी आहे बघू" म्हणून अक्षरांच्या पाटीजवळ नाक लावून उभे राहिले. मग बसले, आणि ताईनं वाचा म्हणताच शेवटची ओळ धडाधड म्हणून मोकळे झाले. ताईनं पाटी बदलली. पुन्हा वाचा म्हणाली. वरच्या ओळी जमल्या. खाली आल्यावर ते अंदाजानं सांगू लागले, मग ओरडल्यासारखं सांगू लागले. ताईनं चढवलेल्या तपासणीच्या जड लोखंडी फ्रेममध्ये त्यांचं तोंड एकदम लहान दिसत होतं.

"नाय दिसत, माय," ते म्हणाले.

ताईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग काचा बदलत राहिली. हे बरं का हे बरं, असं विचारत होती आणि ते भांडण न करता सांगत होते. एक काच घातली आणि ते म्हणाले, हे चांगलंय. ताई नंबर लिहायला टेबलाशी वाकली, खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला आणि लिहू लागली. सासरे पाटी वाचायचं सोडून तिच्याकडंच बघत राहिले.

"तुला चष्मा कधी लागला?"

"झाली की तीन-चार वर्षं. बारीक लिहिताना लागतो."

"सांगितलं नाहीस."

"कधी सांगू, अण्णा? तुम्ही येता आणि दारातूनच जाता."

सासऱ्यांनी तपासणीची फ्रेम स्वतः उतरवली, पुसली आणि तिच्या हातात दिली. चष्मा चार दिवसांनी तयार झाला, बिल चुकतं केलं, पावती घेतली. मान आता सरळ असते आणि शेजारचे मास्तर पुन्हा रामराम घालतात. ताईच्या घरात ते अजूनही काही खात नाहीत. पण संध्याकाळी बसनं गुलमंडीला जातात, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतात, समोरच्या टपरीवरून स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा सांगतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रेम कुठली घ्यावी याचे न मागितलेले सल्ले देतात. दुकान म्हणजे काही मुलीचं घर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावतो. परवा त्यांना आणायला गेलो तर ते कुणाला तरी माप कसं घ्यावं हे मोठ्या आवाजात सांगत होते. तेवढ्यात ताईनं लिहायला चष्मा घातला, आणि ते मधेच थांबले. समोरचा माणूस पुढं काय म्हणून विचारत होता. तिचं लिहून होईपर्यंत सासरे तिच्याकडंच बघत राहिले.